संघबांधणीतील निवडनीती : कराड परिसरातील मैदानी परंपरेच्या आधारे एक विचार

१

मर्यादित साधनांत आणि प्रतिस्पर्ध्याच्या समक्ष माणसे निवडून संघ उभा करणे, हे क्रीडेच्या इतिहासातील एक स्वतंत्र प्रकरण आहे. खेळ कसा खेळला गेला, कोण जिंकले आणि कोण हरले, याची नोंद बहुधा होते. परंतु खेळ सुरू होण्यापूर्वी गडी कोणत्या रीतीने वाटले गेले, कोणाला आधी मागितले गेले आणि कोण मागे राहिला, याची नोंद क्वचितच केली जाते. वास्तविक पुष्कळ सामन्यांचा निकाल या पूर्वतयारीतच निम्मा ठरलेला असतो. अलीकडच्या काळात खेळाडूंचे लिलाव आणि त्यांच्या आधारे प्रेक्षकांनी कागदावर रचलेले कल्पित संघ यांमुळे या प्रश्नाला नवे महत्त्व आले आहे. ही सर्व पद्धती परदेशातून आली, असा सर्वसाधारण समज आहे. तिचे बाह्य रूप परकीय आहे, हे खरे. तथापि तिच्या मुळाशी असलेला विचार कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराड आणि त्याच्या आसपासच्या सातारा-सांगली भागात फार पूर्वीपासून परिचित होता. हा विचार कोणता, आणि नव्या पद्धतीत त्याचे काय झाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम मुलांच्या खेळाकडे वळणे योग्य होईल. हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या किंवा विटीदांडू यांपैकी कोणताही सांघिक खेळ मांडावयाचा झाला, की भिडू वाटून घेण्याचा प्रश्न येतो. याच्या दोन रीती महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. पहिल्या रीतीत दोन म्होरके समोरासमोर उभे राहतात आणि आळीपाळीने एकेक गडी मागून घेतात. दुसरी रीत अधिक विचारपूर्वक बांधलेली आहे. तीत साधारण सारख्या ताकदीची दोन दोन मुले आपापसांत जोडी जमवितात, थोडे दूर जाऊन गुप्त नावे घेतात, आणि खांद्यावर हात टाकून म्होरक्यांपुढे येतात. ‘चंद्र पाहिजे की सूर्य’ असा प्रश्न होतो. म्होरक्या एक नाव उच्चारतो. ज्याचे ते नाव असेल तो त्याच्याकडे जातो आणि त्याचा जोडीदार दुसऱ्या बाजूला. पुढील जोडीच्या वेळी मागण्याचा हक्क दुसऱ्या म्होरक्याचा असतो.

या दुसऱ्या रीतीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. गड्याचे मोल ठरविण्याचे काम म्होरक्याकडे नसून स्वतः गड्यांकडे असते. कोणाचा दम किती आणि कोणाची धाव किती हे मुलांनाच सर्वांत चांगले ठाऊक असते. त्यामुळे जोड्या बहुधा तुल्यबळ पडतात, आणि नशिबाचा भाग जोडीतील लहानशा फरकापुरताच उरतो. दुसरी गोष्ट अशी, की या रीतीत शेवटी उरणारा असा कोणी नसतो. पहिल्या रीतीत अखेरचा गडी, ज्याला कोणीच मागितलेले नाही असा, सर्वांच्या देखत उभा असतो. जोडीच्या रीतीत दुबळ्यातला दुबळा मुलगाही ‘चंद्र’ किंवा ‘सूर्य’ म्हणून मागून घेतला जातो. संघ समतोल व्हावा आणि कोणाची मानहानी होऊ नये, हे दोन्ही हेतू या साध्या युक्तीने एकाच वेळी साधले जातात. मुलांनी ही युक्ती कोणत्या ग्रंथातून शिकली नाही, हे सांगावयास नकोच.

३

थोरांच्या व्यवहारात हाच विचार कुस्तीच्या मैदानात दिसतो. सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत गावची यात्रा आणि कुस्त्यांचे मैदान यांची सांगड पक्की आहे. यात्रेसाठी गावकी वर्गणी गोळा करते. तीतून देवाचा खर्च, तमाशाचा खर्च वगळून उरलेली रक्कम मैदानासाठी असते. ही रक्कम कुस्त्यांमध्ये कशी वाटावयाची, हा पंचांपुढील प्रश्न होय. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर वा नारळावर होतात. पुढे इनामाचा आकडा चढत जातो. आणि दिवस मावळताना पहिल्या क्रमांकाची, म्हणजे सर्वांत मोठ्या इनामाची, कुस्ती लागते. मोठ्या कुस्त्या आधी नेमलेल्या असतात व पत्रकावर त्यांची नावे छापली जातात. बाकीच्या जोडी मैदानातच हलगीच्या तालावर फिरून, वस्तादांच्या आणि पंचांच्या संमतीने, जमविल्या जातात.

येथे पंचांना एक तारतम्य बाळगावे लागते. नामांकित मल्लाच्या एका कुस्तीवर बहुतेक रक्कम घातली, तर गर्दी जमते हे खरे. परंतु मधल्या कुस्त्यांसाठी चांगले मल्ल येत नाहीत, मैदान दुपारभर रिकामे वाटते, आणि ती एक मोठी कुस्ती बरोबरीत सुटली किंवा नेमलेला मल्ल आलाच नाही, तर सगळे मैदान फसते. उलट रक्कम सर्वत्र सारखी वाटली, तर मैदानाला नाव मिळत नाही. शिवाय एकटा मोठा मल्ल आणून भागत नाही. त्याला काटा जोड मिळाली तरच कुस्ती होते. म्हणजे मल्लाचे मोल त्याच्या एकट्याच्या बळावर ठरत नाही. त्याच्या तोडीचे आणखी किती मल्ल त्या दिवशी उपलब्ध आहेत आणि बाकीच्या मैदानासाठी किती रक्कम शिल्लक राहते, या दोन गोष्टींवर ते ठरते. यालाच पुढील विवेचनात ‘उरलेल्याचे मोल’ असे म्हटले आहे.

४

मोल हे नियमांवरही अवलंबून असते, याचे या परिसरातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कराडनजीकच्या गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. कराडच्या टिळक हायस्कुलात आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. मातीतील कुस्तीत वजनाचे गट काटेकोरपणे पाळले जात नसत. त्यामुळे मोठे इनाम आणि मोठे नाव साहजिकच भारी अंगाच्या मल्लांकडे जाई. हलक्या वजनाचा मल्ल कितीही चपळ असला, तरी यात्रेच्या शेवटच्या कुस्तीत त्याचे नाव लागणे कठीण असे.

ऑलिंपिकच्या नियमांनी हे गणित उलटे केले. १९५२ च्या हेलसिंकी येथील स्पर्धेत मुक्त शैलीच्या कुस्तीसाठी आठ वजनगट होते, आणि प्रत्येक गटातील पदकाची किंमत सारखीच होती. ज्या व्यवस्थेत आठ जागा भरावयाच्या आहेत, तीत हलक्या गटातील उत्तम मल्ल हा भारी गटातील उत्तम मल्लाच्या बरोबरीचा ठरतो. जाधव १९४८ साली लंडन येथे ५२ किलो गटात सहावे आले होते. १९५२ साली ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

परंतु तेथवर पोहोचण्यासाठी त्यांची निवड व्हावी लागली, आणि ती सहज झाली नाही. निवडीच्या वेळी आपणास अन्यायाने डावलले गेले अशी दाद त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे मागितली, पुन्हा लढत घेण्यात आली आणि तीत विजय मिळवून त्यांनी आपली जागा परत मिळविली, असे त्यांच्या चरित्रकथनांत सांगितले जाते. निवड झाल्यावरही प्रवासखर्चाचा प्रश्न होताच. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले आणि गोळेश्वरच्या ग्रामस्थांनीही यथाशक्ति वर्गणी दिली, ही हकीकत या भागात सर्वश्रुत आहे. परत आल्यावर कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. निवड करणारे चुकू शकतात, आणि त्यांच्या चुकीची किंमत निवडले न गेलेल्या माणसाला द्यावी लागते, हा या प्रसंगाचा बोध आहे. जाधवांना पुन्हा लढण्याची संधी मिळाली. ज्यांना अशी संधी मिळाली नाही, त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत.

५

कराडच्या मैदानातील हा अनुभव आणि आजचे लिलाव यांच्यामधला दुवा अमेरिकेत सापडतो; म्हणून थोडे तिकडे पाहणे आवश्यक आहे. तेथील फुटबॉल हा अंडाकृती चेंडूचा, हातापायांनी खेळला जाणारा खेळ आहे. त्याच्या व्यावसायिक संघांनी १९३६ साली महाविद्यालयीन खेळाडूंची वाटणी करण्याची ठराविक पद्धत सुरू केली. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत शेवटी राहिला असेल त्याने प्रथम निवड करावयाची, त्याच्या वरच्याने नंतर, असा क्रम ठरला. या पद्धतीला तेथे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. दुर्बळाला आधी मागू द्यावे आणि त्यायोगे संघ समतोल राखावेत, हा तिचा हेतू. पहिल्या वर्षी सर्वांत प्रथम निवडला गेलेला खेळाडू जे बरवँगर याने मात्र व्यावसायिक फुटबॉल खेळण्याचेच नाकारले आणि तो शेवटपर्यंत खेळला नाही. निवडला जाणारा गडी हाही स्वतःची इच्छा असलेला माणूस आहे, याची आठवण या पद्धतीला जन्मतःच मिळाली.

१९६२ साली न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात ओकलंड येथील विल्फ्रेड विंकनबाख आणि त्यांचे दोन सहकारी यांनी या पद्धतीची एक प्रतिकृती कल्पिली. प्रत्येकाने प्रत्यक्ष खेळणाऱ्या खेळाडूंतून कागदावर आपला संघ निवडावयाचा, आणि त्या खेळाडूंनी मैदानात जी कामगिरी केली असेल तिच्यावरून कागदी संघांचे गुण मोजावयाचे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये ओकलंड येथे आठ संघमालकांनी पहिली अशी निवड केली. तीत पहिली मागणी जॉर्ज ब्लँडा या खेळाडूची झाली. तो चेंडू फेकणारा आणि लाथेने गोल मारणारा, अशा दोन्ही भूमिका करी. जिम ब्राउन या धावपटूचे नाव दुसऱ्या क्रमांकावर आले. त्या हंगामात ब्राउनने प्रत्यक्ष मैदानात १,८६३ यार्डांची धाव घेतली. तोवरच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये एका हंगामात एवढी मजल कोणी मारली नव्हती. पहिल्याच निवडीत, पहिल्याच मागणीला, कोणाला आधी घ्यावे हा वाद जन्माला आला.

हा वाद अंकांनी स्पष्ट करता येतो. यासाठी कबड्डीतील एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन म्होरक्यांना प्रत्येकी एक चढाईपटू आणि एक पकड करणारा गडी हवा आहे. दोन चढाईपटूंकडून अनुक्रमे २०० व १९० गुणांची अपेक्षा आहे, आणि दोन पकडपटूंकडून ८० व ५० गुणांची. निवडीचा क्रम नागमोडी आहे, म्हणजे पहिला, दुसरा, दुसरा, पहिला. पहिल्याने सर्वांत मोठा आकडा पाहून २०० गुणांचा चढाईपटू घेतला, तर दुसरा ८० चा पकडपटू आणि १९० चा चढाईपटू घेऊन २७० गुणांचा धनी होतो. पहिल्याकडे २०० आणि ५० मिळून २५० राहतात. उलट पहिल्याने आधी ८० चा पकडपटू घेतला, तर दुसऱ्याला २०० व ५० मिळून २५० मिळतात, आणि पहिल्याला ८० व १९० मिळून २७०. गडी तेच, क्रम तोच. फक्त मागण्यातील विचार बदलला आणि निकाल फिरला. ८० हा आकडा २०० पेक्षा लहान आहे, परंतु त्या गड्याच्या मागे उरणारा गडी त्याच्याहून ३० गुणांनी उणा आहे. चढाईपटूंमध्ये हे अंतर केवळ १० आहे. गड्याचे मोल त्याच्या आकड्यात शोधावयाचे नसून त्याच्या आणि त्याच्यामागे उरणाऱ्या गड्याच्या आकड्यांतील अंतरात शोधावयाचे असते. यात्रेच्या पंचांना काटा जोडीच्या भाषेत जे ठाऊक होते, तेच हे.

६

कबड्डीच्या नियमबद्ध स्वरूपाचा इतिहास महाराष्ट्राशी आणि बडोद्याशी निगडित आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत हुतूतूचे नियम बांधले गेले. बाद झालेला गडी आपल्या संघाच्या गुणाबरोबर पुन्हा आत येतो, या संजीवनीच्या तत्त्वामुळे आणि संपूर्ण संघ बाद केल्यास मिळणाऱ्या लोणाच्या अधिक गुणांमुळे, या खेळात एकट्या गड्याच्या पराक्रमाला मर्यादा पडते. चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला, की त्याला परत आणण्याचे काम उरलेल्या सहांचे असते.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाडूंचा जाहीर लिलाव प्रथमच कबड्डीत आला. त्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमार यांच्यावर लागली. ती १२ लाख ८० हजार रुपयांची होती. कराडच्या दक्षिणेस महामार्गावर असलेल्या, वाळवा तालुक्यातील कासेगावचे काशिलिंग आडके हे दिल्लीच्या संघाकडे गेले. २०१५ च्या दुसऱ्या हंगामात त्यांना सर्वोत्तम चढाईपटूचा मान मिळाला. परंतु त्यांचा संघ त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत पोहोचू शकला नाही. कृष्णाकाठच्या एका गड्याने आपले काम चोख केले, तरी उरलेला संघ तितका भरीव नसेल तर काय होते, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

पुढील लिलावांतून हेच अधिक ठळकपणे दिसते. २०१८ साली प्रत्येक संघाला खर्चासाठी ४ कोटी रुपयांची मर्यादा होती. हरियाणाच्या संघाने मोनू गोयत यांच्यासाठी १ कोटी ५१ लाख, म्हणजे मर्यादेच्या एकतृतीयांशाहून अधिक रक्कम मोजली. तो संघ आपल्या गटात तळाशी राहिला. त्याच हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचे सिद्धार्थ देसाई मुंबईच्या संघाकडून ३६ लाख ४० हजारांत खेळले आणि त्यांनी चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळविले. २०१९ साली तेलुगू टायटन्स संघाने त्यांना १ कोटी ४५ लाखांना घेतले. त्यांनी याही हंगामात दोनशेहून अधिक गुण मिळविले; त्यांच्या खेळात उणेपणा आला नव्हता. तरीही बारा संघांत त्यांचा संघ अकरावा आला. माणूस तोच, कामगिरी जवळजवळ तीच. किंमत चौपट झाल्यामुळे इतरांसाठी उरलेली रक्कम मात्र कमी झाली होती.

२०२२ चा अनुभव वेगळ्या कारणासाठी बोधप्रद आहे. तमिळ थलैवाज संघाने पवन सेहरावत यांना २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्यांच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि ते संपूर्ण हंगामाला मुकले. संघ कोसळेल असे वाटत असताना नरेंदर नावाच्या नवोदित चढाईपटूने २४३ गुण मिळविले आणि तो संघ प्रथमच उपांत्य फेरीत गेला. पत्रकावरचा नामांकित मल्ल आला नाही तरी मैदान तरावे, इतकी तयारी मधल्या कुस्त्यांत असावी लागते, हा यात्रेचा नियम येथे अक्षरशः खरा ठरला.

या सर्वांवरून मोठी बोली नेहमीच चुकीची, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. २०२३ साली मर्यादा ५ कोटींची होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत यांना २ कोटी ६० लाख ५० हजारांना, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम मोजून घेतले. पुणेरी पलटणने इराणचे महंमदरझा शादलुई यांना २ कोटी ३५ लाखांना, म्हणजे ४७ टक्के रक्कम मोजून घेतले. दोन्ही खर्च जवळपास सारखे. निकाल मात्र दोन टोकांचे. तेलुगू टायटन्सला २२ सामन्यांत केवळ दोन विजय मिळाले व तो संघ शेवटचा आला. पुण्याने १ मार्च २०२४ रोजी अंतिम सामन्यात हरियाणाचा २८–२५ असा पराभव करून विजेतेपद मिळविले. फरक बोलीत नव्हता. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत यांच्यासारखे तरुण गडी पुण्याने पूर्वीच घडवून आपल्याकडे राखले होते. म्हणून उरलेली रक्कम कमी असूनही उरलेला संघ भक्कम होता. ज्याची घरची तालीम तयार आहे, त्याला बाहेरच्या एका मोठ्या मल्लावर खर्च करणे परवडते.

७

या अनुभवांच्या आधारे कल्पित संघाची आखणी करणाऱ्यास काही नियम सांगता येतात. पहिला नियम असा, की गुणमोजणीची रीत आधी वाचावी. ५७ किलोच्या मल्लाला यात्रेत जे मोल नव्हते ते हेलसिंकीला आले, कारण जागा व गुण यांची व्यवस्था बदलली होती. दुसरा, खेळाडूंची यादी एका सरळ रांगेत न करता जागेनुसार आणि थरांनुसार करावी. एका थरातील गडी जोपर्यंत पुष्कळ आहेत, तोपर्यंत त्यांतील कोणासाठीही घाई करू नये, आणि थर संपत आला की उशीर करू नये. मुलांच्या जोड्या म्हणजे असे थरच होत. तिसरा, आपली पाळी पुन्हा केव्हा येणार हे मोजावे. आठजणांच्या नागमोडी क्रमात पहिल्याला पहिली व सोळावी मागणी मिळते, मध्ये चौदा गडी जातात. आठव्याला आठवी आणि नववी लागोपाठ मिळतात. पहिल्याने दूरचा विचार केला पाहिजे, आठव्याने जोडीचा. चौथा, जेथे पाळीऐवजी बोली असते तेथे प्रत्येक गड्यासाठी आपली कमाल किंमत आधीच लिहून ठेवावी. लिलावाच्या भरात ठरविलेली किंमत बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या इर्षेची असते, गड्याच्या मोलाची नसते. पाचवा, दुखापतीचा विचार सोडू नये व अखेरच्या जागा नवोदितांसाठी राखाव्यात. नामांकितांविषयी सर्वांनाच सारखी माहिती असते, नवोदितांविषयी ती ज्याला अधिक, त्याचा लाभ अधिक.

हे ज्ञान कौशल्याचे की नशिबाचे, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला आहे. बक्षीस-स्पर्धांसंबंधीच्या चमारबागवाला प्रकरणात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने कौशल्यावर बव्हंशी अवलंबून असलेल्या स्पर्धा आणि जुगार यांत भेद केला, आणि पुढे कल्पित संघांच्या खेळांना याच भेदाचा आधार मिळाला. तथापि मोबाइलवरील अशा खेळांतून पैशाची देवघेव फार वाढली व पुष्कळ कुटुंबांना तिची झळ पोहोचली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कौशल्य आणि नशीब हा भेद त्या बंदीच्या आड येऊ दिलेला नाही. मित्रमंडळींनी निव्वळ चुरशीसाठी कागदावर मांडलेला डाव हा मात्र या प्रश्नापासून वेगळा आहे, आणि १९६३ सालच्या ओकलंडमधील मंडळींप्रमाणे तो जाणकारीची परीक्षा म्हणून खेळता येतो.

८

येथवरच्या विवेचनात निवडीच्या चार अवस्था दिसून आल्या. मुलांच्या खेळात गडी स्वतःच आपले मोल ठरवून जोडी जमवितो. यात्रेच्या मैदानात ते पंच व वस्ताद ठरवितात, परंतु मल्लाच्या संमतीवाचून कुस्ती लागत नाही आणि इनाम त्याच्याच हातात पडते. लिलावात मोल बोलीने ठरते. रक्कम खेळाडूला मिळते, मात्र कोणाकडून खेळावयाचे हे तो ठरवीत नाही. कल्पित संघात तर खेळाडूला आपण निवडले गेलो हेही ठाऊक नसते. त्याच्या श्रमाचे गुण दुसऱ्याच्या कागदावर मांडले जातात. प्रत्येक अवस्थेत मोजणी अधिक काटेकोर होत गेली आणि मोजला जाणारा माणूस निर्णयापासून अधिक दूर गेला.

यास इलाज नाही असे नव्हे. उरलेल्याचे मोल जाणणारा कुशल आखणीकार शेवटच्या गड्यापर्यंत यादी काळजीपूर्वक वाचतो, कारण त्याच्या संघाचे भवितव्य बहुधा तेथेच ठरते. आणि नरेंदरसारखा गडी तेथेच सापडतो. पहिल्या नावावर सर्व लक्ष खिळवून ठेवणारा म्होरक्या हा कौशल्याच्या दृष्टीनेही उणा ठरतो. भिडू वाटताना कोणालाही शेवटी एकटे उभे राहू न देणारी ती गावाकडची रीत दयाबुद्धीची होती, त्याचप्रमाणे ती खेळाच्या हिशेबाचीही होती. गोळेश्वरच्या मल्लाला एकदा डावलले गेले होते, आणि पुन्हा माती अंगाला लावण्याची संधी मिळाली म्हणूनच देशाला पदक मिळाले, ही गोष्ट यादी हाती घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.